नवा फोन येईल. मागे येण्याचे बटण कुठे असेल?

पोळा होतो, गौरी-गणपतींचे विसर्जन होते आणि मराठवाड्यात सोयाबीन काढणीला येते. लातूरच्या आडत बाजारात आवक वाढू लागली की दसरा-दिवाळीच्या खरेदीचे बेत सुरू होतात आणि त्या बेतांत आता कपड्यालत्त्याइतकाच मोबाईलही असतो. कंपन्यांनाही हे दिवस नेमके ठाऊक आहेत. २०२१ साली जिओफोन नेक्स्ट या स्वस्त स्मार्टफोनची घोषणा झाली, तेव्हा विक्रीसाठी गणेश चतुर्थीचाच, म्हणजे १० सप्टेंबरचा, मुहूर्त धरला होता. चिपच्या जागतिक टंचाईमुळे तो हुकला आणि फोन दिवाळीत ६,४९९ रुपयांना बाजारात आला. अशा प्रत्येक येऊ घातलेल्या फोनबद्दल किंमत किती, हप्ते कसे, कॅमेरा कसा, बॅटरी किती वेळ टिकेल, फाइव्ह-जी आहे का, याची महिनोन्‌महिने चर्चा चालते. उघडलेल्या पानावरून मागे कसे यायचे, मुख्य पडद्यावर कसे परतायचे आणि एका ॲपमधून दुसऱ्यात कसे जायचे, हे तीन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि फोन हातात आल्यावर दिवसभर पुन्हा पुन्हा याच तीन कृती कराव्या लागतात.

खाली तीन बटणे असावीत की पडद्याच्या कडेवरून बोट ओढून काम भागवावे, ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे, असे तंत्रज्ञानाबद्दल लिहिणारे बहुतेक जण मानतात. मला ते पुरेसे वाटत नाही. पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी, पीएम किसानची ई-केवायसी, पीक विम्याचा अर्ज, बँकेचे व्यवहार ही कामे ज्या यंत्रातून करणे आता जवळपास भाग पडले आहे, त्या यंत्रात मागे येण्याचा रस्ता डोळ्यांना दिसावा की नाही, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. आणि तो केवळ कॅलिफोर्नियातल्या वा कोरियातल्या रचनाकारांच्या सौंदर्यदृष्टीवर सोडून देता येणार नाही.

या बटणांचा इतिहास गोंधळाचा आहे. २००८ मध्ये गुगलच्या अँड्रॉइड या प्रणालीवर चालणारा पहिला फोन आला, तेव्हा होम, मेनू आणि बॅक ही खरोखर दाबायची बटणे होती आणि मधोमध फिरवायचा एक छोटा गोळा होता. २०१० मध्ये गुगलने काढलेल्या नेक्सस वनवर काचेखालच्या चार स्पर्शखुणा होत्या: बॅक, मेनू, होम आणि सर्च. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या नेक्सस एसवर त्याच चार खुणा होत्या, पण होम आणि सर्च यांनी जागांची अदलाबदल केली होती. एकाच वर्षात एकाच कंपनीच्या नावावर आलेल्या दोन फोनांत ही तऱ्हा. तिकडे सॅमसंगने त्याच वर्षीच्या पहिल्या गॅलेक्सी एसमध्ये मधे दाबायचे होम बटण, डावीकडे मेनू आणि उजवीकडे बॅक अशी मांडणी केली. २०११ च्या अखेरीस गॅलेक्सी नेक्सस आणि अँड्रॉइड ४.० यांच्याबरोबर बटणे पडद्यावर आली, मेनू गेला, त्याच्याऐवजी नुकत्याच वापरलेल्या ॲपची यादी दाखवणारे बटण आले आणि बॅक डावीकडे स्थिर झाले. २०१४ मध्ये बॅकला त्रिकोण, होमला वर्तुळ आणि ॲपच्या यादीला चौकोन हे आजचे आकार मिळाले. सॅमसंगने मात्र बॅक उजवीकडेच ठेवले. २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ वर त्याचीही बटणे पडद्यावर आली, तरी बाजू बदलली नाही. शाओमीच्या रेडमी फोनांवरही बॅक उजवीकडेच होते.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असे, आणि इतर मोटारसायकली चालवणारा माणूस तिच्यावर बसला की पहिले काही दिवस गिअर म्हणून ब्रेक दाबत असे. पुढे बुलेटनेही गिअर डावीकडे आणला. फोनांच्या बाबतीत तसा समेट अजून झालेला नाही. मुलगा पुण्याहून सुट्टीत येतो, स्वतःचा जुना फोन आईला देतो, आणि आईच्या अंगवळणी पडलेल्या जागी बॅकऐवजी ॲपची यादी उघडते. बॅक डावीकडे चांगले की उजवीकडे, यावर माझे स्वतःचे मत उजवीकडचे आहे. आजच्या साडेसहा इंची फोनची रुंदी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते आणि उजव्या हातात धरलेल्या अशा फोनच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत अंगठा नेताना फोन निसटायची वेळ येते. पण माझे मत इथे गौण आहे. डावखुऱ्या माणसाचे मत उलटे असणार, आणि म्हणूनच बटणांचा क्रम बदलण्याची सोय जी कंपनी देते तिचे वागणे मला शहाणपणाचे वाटते.

आता ओढण्याच्या पद्धतीकडे, म्हणजे ज्याला सगळे जेश्चर म्हणतात तिच्याकडे. ही कल्पना ॲपलची नव्हे. २००९ मध्ये पाम या कंपनीच्या आणि २०११ मध्ये नोकिया एन९ च्या फोनांत बोट ओढून चालणारी रचना होती. ते फोन टिकले नाहीत, म्हणून आपण विसरलो. २०१७ मध्ये आयफोन टेनवरून होम बटण गेले आणि मग सगळ्या जगाला तीच दिशा योग्य वाटू लागली. अँड्रॉइडचे प्रत्येक उत्पादक आपापली निराळी ओढाताण शोधू लागले. गुगलने २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ बरोबर लांबट गोळीसारखे एक बटण आणि त्याच्या शेजारी बॅक असा अर्धामुर्धा प्रयोग केला आणि त्याच वर्षीच्या पिक्सेल ३ या स्वतःच्या फोनवर तर तीन बटणांचा पर्यायच ठेवला नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये, पूर्ण जेश्चर आले आणि त्याबरोबर तीन बटणेही परत आली. हे परत येणे महत्त्वाचे आहे. ज्यांना हाताच्या हालचालींची अडचण आहे अशा लोकांसाठी तीन बटणे ठेवावी लागतील, हे गुगलने तेव्हा स्वतःच मान्य केले होते. होम बटणापेक्षा बॅक ५० टक्के अधिक वेळा वापरले जाते, आणि नवी पद्धत हाताला बसायला बहुतेकांना एक ते तीन दिवस लागतात, हेही त्यांच्याच अभ्यासातून बाहेर आले होते.

एक ते तीन दिवस हा काळ काही फार मोठा नाही, असे कोणीही म्हणेल. पण तो कोणाच्या हातांचा काळ आहे? पडद्याला बोट कळते ते दाबामुळे नव्हे, तर बोटाच्या विद्युतवाहकतेमुळे. कातडी जाड आणि कोरडी झाली की हा संकेत क्षीण होतो आणि पाण्याचे थेंब पडले की पडदा भलतीकडेच स्पर्श झाल्याचे समजतो. कापूस वेचताना बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलवटलेली बाई, बीड जिल्ह्यातून उसाच्या फडात गेलेला आणि सहा-सहा महिने कोयता धरणारा मजूर, भर पावसात बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढणारा शेतकरी, यांच्या बोटांना एका जागी टेकवणे जमते. पडद्याच्या अगदी कडेपासून सुरुवात करून, मधे न सुटता, ठराविक अंतर ओढत नेणे अवघड जाते. त्यात फोन पडून फुटू नये म्हणून शंभर-दीडशे रुपयांचे जाड कव्हर बसवलेले असते आणि त्याची उंच कड बोटाला पडद्याच्या काठापर्यंत पोहोचूच देत नाही. रचनाकाराने प्रयोगशाळेत ज्या फोनवर बोट फिरवून पाहिले तो उघडा फोन असतो. आपल्याकडे उघडा फोन वापरणारा माणूस मला तरी क्वचितच दिसतो.

ज्या ठिकाणी हा फरक सर्वांत जास्त बोचतो ते ठिकाण म्हणजे ओटीपी. अर्ज एका ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर भरायचा, ओटीपी संदेशात येणार, तो पाहून पुन्हा अर्जाकडे यायचे आणि दिलेल्या मुदतीत टाकायचा. तीन बटणांच्या फोनवर चौकोन दाबला की दोन्ही पाने समोर दिसतात. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तर चौकोन लागोपाठ दोनदा दाबला की थेट आधीच्या ॲपमध्ये जाता येते. जेश्चरमध्ये याच कामासाठी खालच्या बारीक रेषेवरून बोट आडवे सरकवायचे असते किंवा खालून वर ओढून मधेच थांबायचे असते. न थांबताच बोट उचलले गेले की मुख्य पडदा येतो, मग माणूस चिन्ह शोधून अर्ज पुन्हा उघडतो, काही संकेतस्थळे अशा वेळी नव्याने सुरू होतात आणि आधीचा ओटीपी बाद होतो. अनेक ॲप आता ओटीपी आपोआप उचलतात हे खरे, परंतु सरकारी संकेतस्थळांवर ती सोय सगळीकडे नाही, आणि ज्याच्या आधारला जोडलेला क्रमांक घरातल्या दुसऱ्याच फोनमध्ये आहे त्याला ती उपयोगाचीही नाही.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे: जिथे मागे यायचे नसते तिथे मागे येणे. जेश्चरमध्ये पडद्याची डावी आणि उजवी या दोन्ही कडा बॅकसाठी राखीव असतात. अर्जातली तारीख आडवी सरकवताना, नकाशा हलवताना, फोटो बाजूला ढकलताना बोट कडेला लागले की पान मागे जाते आणि भरलेली माहिती पुसली जाते. गुगललाही याची कल्पना होती, म्हणून ॲप बनवणाऱ्यांना कडेचा काही भाग बॅकमधून वगळण्याची मुभा दिली गेली. पण प्रत्येक कडेवर फक्त २०० एककांपर्यंत, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. ही मुभा वापरायची की नाही हे पुन्हा ॲप बनवणाऱ्याच्या हाती. ई-पीक पाहणीचे ॲप २०२१ च्या खरिपात राज्यभर आले. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि शेतात उभे राहून काढलेला फोटो असा तो क्रम असतो. शिवारात नेटवर्क एका बांधावर असते आणि दुसऱ्यावर नसते. अशा ठिकाणी चुकून मागे गेलेले एक पान म्हणजे पुन्हा सगळे पहिल्यापासून.

एवढा त्रास कशासाठी, तर पडदा मोकळा दिसावा म्हणून. बटणांची पट्टी सुमारे साडेसात मिलिमीटर उंचीची असते. साडेसहा इंची लांबट पडद्याची उंची साधारण पंधरा सेंटिमीटर भरते. म्हणजे बटणांना जागा लागते ती पडद्याच्या विसाव्या भागाइतकी, आणि चित्रपट किंवा व्हिडिओ पाहताना ती पट्टी तशीही लपतेच. फोन तीन-साडेतीन इंचांचे होते तेव्हा ही जागा वाचवण्याला अर्थ होता. त्या वेळी मात्र बटणे पडद्याबाहेर होती!

जेश्चरला काहीच गुण नाहीत असे मी म्हणत नाही. दोन्ही कडांवरून मागे येता येते, त्यामुळे डाव्या-उजव्याचा मघाचा वाद आपोआप मिटतो. मोठा फोन एका हाताने चालवताना अंगठा जिथे असतो तिथूनच काम होते. ज्याच्याकडे स्वतःचा एक फोन आहे, जो दिवसाचे चार तास त्यावर असतो आणि ज्याची बोटे लवचीक आहेत, त्याला ही पद्धत खरोखर वेगवान वाटते आणि ती वाटणेही बरोबर आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना तीन बटणे दाखवली तर ती जुनाट म्हणून हसतात. त्यांच्या हातून जेश्चर काढून घ्यावे अशी माझी मागणी नाही. पण मराठवाड्यातल्या अनेक घरांत फोन एकाचा नसतो. सकाळी तो वडिलांबरोबर बाजार समितीत जातो, दुपारी आईकडे असतो, संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाला लागतो, आणि मुलीने सोयीने केलेली मांडणी सकाळी वडिलांच्या वाट्याला येते. तेव्हा दोन पद्धतींमध्ये सहज ये-जा करता यावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. आज ही सोय एका कंपनीच्या फोनात डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये असते, दुसरीच्या होम स्क्रीनमध्ये, तिसरीच्या सिस्टिममध्ये, आणि तिथले मराठी भाषांतर कित्येकदा असे असते की इंग्रजीत शोधणे बरे.

गंमत अशी की बटणे नकोत म्हणणाऱ्या याच कंपन्या गेल्या काही वर्षांत फोनच्या कडेला नवी बटणे लावत सुटल्या आहेत. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोला ॲक्शन बटण आले, २०२४ मध्ये आयफोन १६ ला कॅमेऱ्याचे वेगळे बटण आले, २०२५ मध्ये नथिंगच्या आणि वनप्लसच्या फोनांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींसाठी खास कळ आली. त्याच २०२५ च्या फेब्रुवारीत आयफोन एसई बंद झाला आणि २००७ पासून चालत आलेले होम बटण ॲपलच्या नव्या फोनांच्या यादीतून पूर्णपणे गेले. फोन बंद करण्याच्या कळीचेही तेच झाले आहे: कित्येक नव्या फोनांत ती दाबून धरली की फोन बंद होत नाही, बोलणारा मदतनीस जागा होतो, आणि फोन बंद कसा करायचा हे शेजारच्या पोराला विचारावे लागते. बटणांना जागा नाही हे कारण म्हणूनच मला खरे वाटत नाही. जागा आहे, ती कंपनीला जे खपवायचे आहे त्यासाठी राखलेली आहे.

सरकारने यात कशाला पडावे, असा आक्षेप येईल. सरकार यात आधीच पडलेले आहे. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोबाईलमधल्या संकटकालीन बटणाबाबत नियम काढले. त्यानुसार १ जानेवारी २०१७ पासून साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरल्यावर, आणि स्मार्टफोनवर संकटकालीन कॉलचे बटण दाबून धरल्यावर किंवा पॉवरची कळ लागोपाठ तीनदा दाबल्यावर मदतीसाठी कॉल लागावा, असे बंधन आले. म्हणजे कोणती कळ किती वेळा दाबायची इथपर्यंत तपशिलात जाऊन आपल्या सरकारने लिहिले आणि कंपन्यांनी ते पाळले. त्याने कोणाची कल्पकता मेली नाही. फोनवर भारतीय भाषा वाचता-लिहिता याव्यात यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानकही त्याच वर्षीचे. २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४२ सांगते की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत, याची उपाययोजना सरकारने करावी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींच्या केवायसीच्या अडचणींवरील निकालात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. या सगळ्याच्या उजेडात मागे येण्याचे बटण दिसेल असे ठेवा, एवढे सांगणे अतिरेकाचे नाही.

तरीही बॅक डावीकडे हवे की उजवीकडे, त्रिकोण हवा की बाण, हे सरकारने ठरवू नये. तसे झाले तर पाच वर्षांनी आपण कालबाह्य नियमाला चिकटून बसू. नियम असावा तो विचारण्याचा. नवा फोन पहिल्यांदा सुरू करताना भाषा विचारली जाते, वायफाय विचारले जाते, गुगलचे खाते विचारले जाते. त्याच ओळीत, निवडलेल्या भाषेत, चित्र दाखवून विचारावे: बटणे हवीत की ओढण्याची पद्धत, आणि बटणे हवी असल्यास मागे येण्याचे बटण कोणत्या हाताला. नंतर मन बदलले तर वरून खाली ओढल्यावर टॉर्च आणि वायफाय जिथे दिसतात तिथेच याची कळ असावी.

केंद्राचा नियम येईल तेव्हा येवो. राज्य सरकारच्या हातात एक गोष्ट आजही आहे. अंगणवाडी सेविकांना राज्याने मोबाईल दिले आणि २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते परत केले. फोन वारंवार बिघडत होते, त्यांची क्षमता अपुरी होती आणि पोषणाच्या नोंदी ठेवण्याचे पोषण ट्रॅकर ॲप मराठीत नव्हते, ही त्यांची तक्रार होती. त्या आंदोलनाची चर्चा मानधनाच्या बातम्यांत विरून गेली, पण यंत्र निवडताना ते वापरणाऱ्या बाईला कोणी काही विचारले नव्हते, हा त्यातला मुद्दा मला आजही ताजा वाटतो. लाखाच्या घरात फोन घेणारा ग्राहक निविदेत जी अट घालील ती कंपन्या मान्य करतात. पुढच्या निविदेत मेमरी आणि बॅटरीच्या आकड्यांबरोबर बटणे की जेश्चर या निवडीची अट असावी, आणि निवडलेला फोन आधी हिंगोली किंवा धाराशिवच्या एखाद्या प्रकल्पातल्या सेविकांच्या हातात, कव्हर चढवून, काही आठवडे द्यावा.

या दिवाळीला जो स्वतःच्या पैशांनी फोन घेणार आहे त्याला निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही. दुकानात फोन सुरू करून देणारा मुलगा सगळी पाने पुढे-पुढे ढकलत जातो. त्याला तिथेच थांबवावे, घरातल्या ज्या माणसाला तो फोन सर्वांत जास्त वापरायचा आहे त्याच्या हातात द्यावा, कव्हर आणि काच बसवून घ्यावी आणि मग संदेशातून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत यायला सांगावे. बटणे चालू करून द्या असेही म्हणून पाहावे. रोज असे फोन विकणाऱ्या त्या मुलालाच ती सेटिंग सापडेनाशी झाली, तर शेजारच्या कंपनीचा फोन दाखवायला सांगणे उत्तम.